गावातला तोतया फौजी: ओळखूनही गप्प बसायचं का?

माणदेशची_लेक

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे फक्त वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ. मनात फार साचलंय आणि सल्लाही हवा आहे.

माझे आप्पा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतले. १९७२ला खडकीला भरती झाले, १९९६ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. तिथे सुरुंग काढताना झालेल्या स्फोटात त्यांचा डावा कान गेला. त्यांचं विदेश सेवा मेडल आणि बाकीची मेडलं अजून त्या काळ्या ट्रंकेत आहेत, जिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं आहे. लहानपणी त्या ट्रंकेवर बसून मी अभ्यास केलाय.

आमच्या गावात अकरा वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुंबईहून कायमचे राहायला आले. मूळचे गावचेच, पण घरचे सगळे १९८५च्या सुमारास मुंबईला गेले होते. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की मी मुंबईतून भरती झालो, महार रेजिमेंटला होतो, बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग झालं, कारगिलला होतो, कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. निळा ब्लेझर, छातीवर मेडलांची ओळ. गाव त्यांना 'कॅप्टनसाहेब' म्हणू लागलं. शाळेत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टचं झेंडावंदन त्यांच्याच हस्ते. माझ्या मुलीने चौथीत असताना त्यांच्यावर निबंध लिहिला होता. आप्पा दर वर्षी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसायचे, झेंड्याला सलाम करायचे आणि जिलेबीचा पुडा घेऊन घरी यायचे.

गेल्या महिन्यात कळलं की या माणसाने गावातल्या तीन पोरांकडून भरतीसाठी प्रत्येकी अडीच लाख घेतलेत. त्यातला एक माझ्या चुलतभावाचा मुलगा. भावाने दोन दुभत्या गाई विकल्या आणि वहिनीचं डोरलं गहाण ठेवलं. पोरांना शिक्क्याचं पत्र मिळालं, बेळगावला अमुक तारखेला हजर व्हा म्हणून. पोरं नवे बूट घेऊन गेली. गेटवरच्या जवानाने पत्र पाहिलं आणि त्यांना बाजूला बसवून पाणी दिलं. मग सांगितलं, बाळांनो, हे पत्र खोटं आहे, घरी जा.

मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला ठावं हुतं. पयल्याच साली वळखलं मी."

कशावरून, तर त्या माणसाच्या छातीवर पश्चिमी स्टार होता. म्हणजे १९७१च्या लढाईत पश्चिम आघाडीवर असणाऱ्याला मिळणारा. आणि माणूस आज साठीचा. "तवा ह्यो पाच-सा वर्साचा असंल," आप्पा म्हणाले.

अकरा वर्षं आप्पांना माहीत होतं! मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. माझे दोन प्रश्न आहेत. आता तक्रार कुठे आणि कशी करायची? आणि दुसरं, तुमच्यापैकी कुणी फौजी असाल तर सांगा, खरा माणूस समोर बसून असं सगळं का बघत राहतो?

---

कृष्णाकाठ

ताई, आधी पोलीस. बाकी चर्चा नंतर. ते पत्र, ज्या पाकिटातून आलं ते पाकीट, पैसे फोनवरून दिले असतील तर त्याचे स्क्रीनशॉट, बोलण्याची रेकॉर्डिंग असतील ती, सगळं जपून ठेवा. रोख दिले असतील तर कुणासमोर दिले ते लिहून काढा, आजच, आठवण ताजी आहे तोवर. तिन्ही घरांनी एकत्र जावं. एकटं गेलं की 'व्यवहार तुमचा तुम्ही मिटवा' म्हणून परत पाठवतात, हा माझा अनुभव आहे.

---

सुभेदार_काका

माणदेशची लेक, तुमच्या आप्पांना माझा जय हिंद सांगा.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, २८ वर्षं नोकरी. तुमच्या पहिल्या प्रश्नावर कृष्णाकाठ बोलले ते बरोबर. त्यात एवढी भर घाला: साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. निवृत्तीनंतर बहुतेक सगळे तिथे नाव नोंदवतात, माजी सैनिकाचं ओळखपत्र तिथूनच मिळतं. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने त्या कार्यालयाला लेखी पत्र देऊन विचारावं, ही व्यक्ती आपल्याकडे नोंदलेली आहे का. गावकीत आरडाओरडा करण्यापेक्षा तो एक कागद जास्त काम करतो. आणि पोरांना सांगा, तुमचा जिल्हा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतो. ऑनलाइन अर्जाची किरकोळ फी सोडली तर भरतीला एक रुपया लागत नाही. जो पैसे मागतो तो चोर, मग तो खरा फौजी का असेना.

आता त्या माणसाचं. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावातच उभी राहिली, पण तिचं सेंटर आता मध्य प्रदेशात सागरला आहे. बेळगावात आमचं, मराठ्यांचं सेंटर. ज्याने नऊ महिने सागरच्या मैदानावर उस्तादाचा रगडा खाल्लाय, तो स्वप्नातही बेळगाव म्हणणार नाही. तोफखान्याचा असेल तर नाशिक रोड नाहीतर हैदराबाद, रणगाड्यांचा असेल तर अहिल्यानगर, सिग्नलचा असेल तर जबलपूर नाहीतर गोवा. सेंटर ही आमची दुसरी जन्मभूमी असते.

लोक म्हणतात, खरा फौजी आपल्या नोकरीबद्दल बोलत नाही. हे मला पटत नाही. आम्ही खूप बोलतो! चार जण जमलो की रात्र पुरत नाही. पण आम्ही कशाबद्दल बोलतो ते ऐका. लंगरात कोण रोट्या जाळायचा, पठाणकोटच्या ट्रान्झिट कॅम्पात तीन दिवस कसे अडकलो, रेल्वे वॉरंट देऊन तिकीट घ्यायला एमसीओच्या, म्हणजे स्टेशनवरच्या लष्करी कार्यालयाच्या, खिडकीवर किती उभं राहिलो, सुट्टी कुणाची कापली, कोणत्या साहेबाने बहिणीच्या लग्नाला स्वतःच्या खिशातून पैसे दिले. तोतयाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे फक्त गोळीबार असतो. गोळीबार पडद्यावर बघून सांगता येतो. पहाटे साडेचारला फॉल-इनसाठी उठताना कापडी बुटांच्या ओल्या नाड्या बोटाला कशा लागतात, ते बघून कळत नाही.

म्हणून कुणावर संशय आला तर लढाई विचारू नका. पहिल्या सुट्टीला घरी कसे आलात, एवढंच विचारा. खरा माणूस गाडीच्या नावापासून सुरू करेल.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. घाईने कुणाला तोतया ठरवू नका. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस सुभेदार मेजरपर्यंत चढला तर शेवटी त्याला २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. हवालदार निवृत्त होताना मानद नायब सुभेदार होऊ शकतो. हे सगळे खरे. टेरिटोरियल आर्मीचे खरे. लिहायची रीत अशी की हुद्दा आधी, मग नाव आणि शेवटी '(निवृत्त)', कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही. ते आप्पाच देतील. त्यांच्यावर रागावू नका.

---

दुपारचं_ऊन

पैसे खाल्ले ते वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याआधीच्या दहा वर्षांचं काय? कुणाचं काय नुकसान झालं? पोरांनी झेंड्याला सलाम केला, एका मुलीने निबंध लिहिला, गावात सैन्याबद्दल आदर वाढला. आमच्याकडेही एक आजोबा होते, 'आझाद हिंद सेनेत होतो' सांगायचे. वयाचा हिशेब कधीच जुळला नाही, पण त्यांच्या गोष्टी ऐकून आमच्या आळीतली दोन मुलं एनडीएत गेली. आता त्यांना खोटं ठरवून कुणाचं भलं होणार होतं? मी मनापासून विचारतोय.

---

सांजवात

दुपारचं_ऊन, तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून मीही मनापासून सांगते.

माझे पती सियाचिनला गेले आणि परत आले नाहीत. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. अभिवादनाच्या कार्यक्रमाला मी त्यांची मेडलं लावून जाते. उजव्या बाजूला. ज्याने कमावलं तो डावीकडे लावतो, त्याच्या मागे राहिलेलं माणूस उजवीकडे. पहिल्यांदा लावताना पिन साडीत जाईना, हात नुसता कापत होता. सासूबाईंनी लावून दिली.

तुम्ही विचारता नुकसान काय. आमच्या तालुक्यात एक तोतया मेजर पकडला गेला होता, लग्नं जमवून पैसे घ्यायचा. त्याच्या बातमीनंतर महिनाभराने मी एका कार्यालयात मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन गेले. टेबलावरच्या माणसाने माझे कागद चार वेळा उलटसुलट केले आणि म्हणाला, "हल्ली फार खोटे येतात हो, बाई." त्याची चूक नव्हती. पण त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचं मरण टेबलावर मांडून सिद्ध करावं लागलं. मुलगा शेजारी उभा होता.

हे नुकसान त्या ब्लेझरवाल्या माणसाला कधी दिसत नाही. मेडल धातूचंच असतं, कुठल्याही दुकानात मिळतं. त्याला किंमत एवढ्याचसाठी असते की लावणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. तो विश्वास एकाने खर्च केला की पुढच्या खिडकीत माझ्यासारखीला कमी पडतो.

लेकीबाई, आप्पांचं मन जाणून घ्या आधी. आमच्या घरातले पुरुष असे गप्प बसतात तेव्हा आत काहीतरी असतं.

---

तालुका_कोर्ट

वकिली करतो म्हणून कायद्याचं थोडक्यात लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत.

सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरणं हे जुन्या संहितेचं कलम १४०, आता कलम १६८. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढंच. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नावाखाली काही कृत्य करणं, म्हणजे जुनं १७०, ते आता कलम २०४. तिथे किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. आणि तोतयेगिरी करून फसवणूक, जुनं ४१९, आता कलम ३१९. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोरांचे पैसे घेतले, खोटं पत्र दिलं, म्हणजे साधी फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमंही लागतील. गुन्हा भक्कम आहे.

यात हेतू महत्त्वाचा. नाटकात सैनिकाचं काम करणारा गुन्हेगार नाही. नुसतं पारावर बसून 'मी कारगिलला होतो' म्हणणाऱ्यावरही पोलीस फारसं काही करू शकत नाहीत. आणखी एक कायदा लोकांना माहीत नसतो. खासगी सुरक्षा रक्षकाने लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घातला तर २००५च्या कायद्याने तो रक्षक आणि त्याच्या एजन्सीचा मालक, दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जानेवारी २०१६मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी पोशाखात आले होते. त्यानंतर लष्कराने लोकांना आवाहन केलं की चट्ट्यापट्ट्यांचे कपडे हौस म्हणून वापरू नका. २०२२च्या सेना दिनाला नवा लढाऊ गणवेश दाखवला, त्याच्या नक्षीचे हक्कही नोंदवून घेतले. तरी बाजारात नक्कल मिळतेच.

---

ह्यूस्टनची_मावशी

इथे अमेरिकेत यावर मोठा खटला झाला होता. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेला झेवियर अल्वारेझ नावाचा सदस्य २००७च्या एका सभेत उभा राहिला आणि म्हणाला, मी २५ वर्षं मरीन होतो, मला १९८७मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं. इथला तो सर्वोच्च सन्मान, आपल्या परमवीर चक्रासारखा. माणूस सैन्यात एक दिवसही नव्हता.

खोटं शौर्यपदक सांगणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा इथे २००६मध्ये झाला होता. त्याखाली त्याला शिक्षा झाली. पण २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच रद्द केला. नुसतं खोटं बोलणं हेही भाषणस्वातंत्र्यात येतं, म्हणाले. २०१३मध्ये नवा कायदा आला, त्यात पैसा किंवा दुसरा ठोस फायदा उकळायच्या हेतूने खोटं सांगितलं तरच गुन्हा.

निकाल आला तेव्हा माझ्या शेजारचे व्हिएतनामला गेलेले आजोबा फार दुखावले होते. मला मात्र त्या निकालातलं एक म्हणणं पटलं होतं, की खोट्याला उत्तर म्हणून खरी यादी सगळ्यांपुढे ठेवा. त्यानंतर थोड्याच दिवसांत इथल्या संरक्षण खात्याने शौर्यपदकं मिळालेल्यांची यादी संकेतस्थळावर टाकली. आपल्याकडेही संरक्षण मंत्रालयाचं शौर्य पुरस्कारांचं संकेतस्थळ आहे. कुणी वीर चक्र, शौर्य चक्र सांगत असेल तर दोन मिनिटांत बघता येतं. शाळांनी पाहुणा बोलावण्याआधी एवढं करायला काय हरकत आहे?

---

बखरवाचक

'तोतया' शब्द वाचला की आपल्याला भाऊसाहेबांचा तोतया आठवणारच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेला माणूस. त्याला पकडून कैदेत ठेवलं होतं. १७७६मध्ये तो सुटला, कोकणात फौज गोळा केली, किल्ले घेतले, घाटापर्यंत चालून आला. शेवटी आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यात त्याला देहदंड दिला.

लढाईला पंधरा वर्षं उलटून गेली होती, तरी हजारो माणसं त्याच्यामागे गेली. सगळीच काही मूर्ख नव्हती. घराघरांतून माणूस पानिपतावर गेला होता आणि बहुतेकांचं प्रेतही कुणी पाहिलं नव्हतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः भाऊ परततील या आशेवर होत्या. एक भाऊ परत येऊ शकतो, तर माझाही येईल, असं ज्यांना वाटलं त्यांनी त्याच्या हातात तलवार दिली.

तुमच्या गावाचंही मला तसंच काहीसं वाटतं. अपशिंग्यासारख्या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. तिकडे शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या प्रत्येक गावाला आपलाही असा एक मोठा फौजी असावा, असं वाटतं. हवालदार घरोघरी असतात, कॅप्टन मात्र नसतो. ती रिकामी खुर्ची या माणसाने हेरली. आप्पा पहिल्या रांगेत बसलेले असताना गावाला कॅप्टन लागला, हे मला जास्त टोचतं.

---

माणदेशची_लेक

बखरवाचक, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठून बाहेर जाऊन आले. खरं आहे. अकरा वर्षांत शाळेने आप्पांना एकदाही झेंड्यापाशी बोलावलं नाही. आणि आम्हीही, घरच्यांनी, कधी म्हटलं नाही की का नाही.

---

नवीन_पुणेकर

छोटासा अनुभव, दुसऱ्यांना उपयोग होईल म्हणून. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर स्कूटर बघितली. विकणारा म्हणाला मी जवान आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड सगळं पाठवलं. गाडी लष्कराच्या पार्सलने येईल म्हणाला. आधी वाहतुकीचे, मग विम्याचे, मग गेटपासचे असे करत ३१ हजार गेले. ते ओळखपत्र खऱ्या जवानाचं होतं, त्यालाही आधी असंच फसवून त्याचे कागद घेतले होते. सायबर पोलिसांनी त्याला फोन लावला तेव्हा तो बिचारा माझीच माफी मागत होता. म्हणाला, माझ्या फोटोवर विश्वास ठेवून आतापर्यंत सात जणांचे गेलेत. १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा, उशीर झाला की पैसे थांबवता येत नाहीत.

---

पंचगंगा

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आमच्या घराने ती भोगली आहे.

माझे मामा मानद कॅप्टन. शिपायाचे सुभेदार मेजर झाले, शेवटी मानद हुद्दा मिळाला. कुणाला विचारायला नको, सांगायला नको, साधा माणूस. गावात पाण्याच्या पाळीवरून एकाशी वाद झाला. त्या पोराने मामांच्या नकळत व्हिडिओ काढला, 'दहावी पास माणूस कॅप्टन कसा होईल, बघा तोतया कॅप्टन,' आणि टाकला समूहावर. दोन दिवसांत तालुकाभर फिरला. खाली काय काय लिहिलं होतं ते इथे लिहवत नाही.

मामा म्हणाले कागद दाखवतो. आणि कागद नव्हते. २०१९च्या ऑगस्टच्या महापुरात त्यांच्या घरात छातीइतकं पाणी होतं. ट्रंक चार दिवस पाण्याखाली. डिस्चार्ज बुकाचा, म्हणजे नोकरीच्या नोंदीच्या पुस्तकाचा, लगदा झाला होता. पेन्शन बँकेत येत होती म्हणून नक्कल काढायचं त्यांच्या मनात आलंच नव्हतं. मग रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, सैनिक कल्याण कार्यालयात खेपा. सगळं परत मिळालं, पण त्यात पाच महिने गेले. ते पाच महिने मामी दळण आणायला घराबाहेर पडली नाही.

ज्याने व्हिडिओ टाकला त्याने नंतर तो काढून टाकला. माफी कुठे मागितली नाही. म्हणून माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. संशय आला तर कागदाच्या वाटेने जा. चौकात गाठून, मोबाईल तोंडासमोर धरून 'तुझा नंबर सांग' करू नका. सत्तर वर्षांचा माणूस घाबरून आपला नंबर विसरला तर तुम्ही काय ठरवणार?

---

सुभेदार_काका

पंचगंगा, तुमच्या मामांना भेटायची इच्छा आहे. खरंच. संपर्कातून कळवा.

सगळ्या माजी सैनिकांना आणि घरच्यांना विनंती, डिस्चार्ज बुक आणि पेन्शन ऑर्डरच्या साक्षांकित प्रती काढून दुसऱ्या घरी ठेवा, मुलीच्या सासरी ठेवा. घरपट्टीतली माफी असो, नोकरीतलं आरक्षण असो, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना असो, सगळं त्या दोन कागदांवर चालतं. राज्याच्या क आणि ड वर्गाच्या पदांत माजी सैनिकांना पंधरा टक्के जागा आहेत. तिथेही खोटे दाखले घेऊन येणारे असतात आणि त्यांच्यामुळे खऱ्यांची तपासणी लांबते.

---

घाटमाथा

आणखी एक. २०२३च्या जानेवारीत अग्निवीरांची पहिली तुकडी ट्रेनिंगला गेली. चार वर्षांनी त्यांतले पंचवीस टक्के राहणार, बाकीचे घरी येणार. त्यांच्याकडे पेन्शन ऑर्डर नसेल. माझा भाचा त्यातलाच. तो उद्या गावात 'मी फौजेत होतो' म्हणाला, तर त्याला आत्तापासूनच तोतयांच्या रांगेत बसवू नका. त्याने तोच गणवेश घातलाय, लडाखला त्याच थंडीत उभा राहिलाय.

---

दुपारचं_ऊन

सांजवात ताई, तुमचा प्रतिसाद कालपासून तीनदा वाचला. माझा प्रश्न मी परत घेतो. आमच्या त्या आजोबांबद्दलही नव्याने विचार करतोय. आळीत एक खरे आझाद हिंदवाले होते असं वडील सांगायचे, त्यांचं नाव आज आमच्यातल्या कुणालाच आठवत नाही.

---

माणदेशची_लेक

उशिरा लिहितेय, माफ करा. मधल्या आठ दिवसांत बरंच झालं.

तुमच्या सांगण्यावरून ग्रामपंचायतीला पत्र द्यायला लावलं. सैनिक कल्याण कार्यालयाचं उत्तर आलं, अशा नावाची नोंद नाही. तो माणूस त्याआधीच घराला कुलूप लावून गेलाय.

मग मी आप्पांशी बोलले. रात्री अंगणात, त्यांच्या उजव्या बाजूला बसून, म्हणजे त्यांना नीट ऐकू येईल. विचारलं, का गप्प बसलात?

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यो अठरा-एकोणीसचा आसंल तवा. मी सुट्टीवर आलो की पहाटं माळावर पळायचा. घड्याळ लावून मीच हुबा ऱ्हायचो. तीनदा गेला भरतीला. पळण्यात पयला यायचा, पर छाती भरत न्हवती. आर्धा इंच कमी. तिसऱ्या टायमाला म्होरं बसून रडला. म्हनला, आप्पा, आता गावात कसं त्वांड दावू. मग घर सोडून समदी म्हंबईला गेली. फौजेचा नाद मीच लावला हुता त्येला."

मी म्हटलं, म्हणून अकरा वर्षं?

"मला वाटलं, घालू दे ब्लेझर. त्येच्या बापाला बी लई हौस हुती. कुनाचं काय घेत न्हाई तवर घालू दे." मग थांबले. "चुकलंच माझं. पोरांचं पैसं गेलं त्यात माझा बी वाटा हाय."

मी खूप समजावलं की तुमचा दोष नाही. त्यांनी ऐकलं नाही. उठून आत गेले आणि ट्रंक उघडली. सकाळी सहाला दाढी करून, पांढरा शर्ट घालून तयार. म्हणाले, पोरांस्नी हाक मार, ठाण्यात जाऊ. मेडलं लावा म्हटलं तर नको म्हणाले. पण एक प्लास्टिकची पिशवी काखेत धरली होती. त्यात काय आहे विचारलं तर म्हणाले, "माझं कागुद. मला बी इचारतील की."

मला वाटलं कोण कशाला विचारेल. पण तक्रार लिहून घेणाऱ्याने सगळं ऐकलं, तिन्ही पोरांची नावं लिहिली, ते खोटं पत्र पाहिलं, आणि मग मान वर करून आप्पांना विचारलं, "आणि बाबा, तुम्ही फौजी कशावरून?"

माझा संताप झाला. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. पिशवीची गाठ सोडली. डिस्चार्ज बुक, पेन्शन ऑर्डर, कॅन्टीन कार्ड एकावर एक टेबलावर ठेवलं आणि उभं राहून नंबर, हुद्दा, नाव, पलटण सांगितली. एक कान गेल्यापासून त्यांचा आवाज मोठाच असतो. बाहेर बाकावर बसलेल्या पोरांना तो ऐकू गेला आणि तिघंही उठून उभी राहिली.